माझा मान राख, असं शौल म्हणाला

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, सुरू झाला की आमच्याकडे पश्चात्तापावर भरपूर बोललं जातं. घरोघरी कॉटेज प्रेअर असतात, खाली सतरंज्या, दाराबाहेर चपलांचा ढीग, शेवटी चहा-बिस्किटं, आणि उपदेश बहुतेक वेळा येशूच्या दृष्टांतांतल्या उधळ्या पुत्रावर नाहीतर त्या छाती बडवणाऱ्या जकातदारावर. मी त्याच प्रार्थनांमध्ये लहानाचा मोठा झालोय आणि त्यांचं ऋण मोठं आहे माझ्यावर. पण एक गोष्ट मला कायम खुपत आलीय. हा सगळा पश्चात्ताप खाली सतरंजीवर बसलेल्यांनी करायचा असतो. दारू पिणारा नवरा, चर्चला न येणारी पोरं, सासूशी न पटणारी सून. पाळकांनी, बिशपांनी, पंचांनी, ट्रस्टींनी, संडे स्कूलच्या सुपरिंटेंडेंटनी कधी, कशाबद्दल आणि कोणासमोर पश्चात्ताप करायचा यावर एक अख्खा उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही.

बायबल उघडलं तर चित्र वेगळं दिसतं. तिथे पश्चात्तापाच्या ज्या कथा तपशिलात, नावागावासकट सांगितल्यात त्या पुढाऱ्यांच्या आहेत. राजांच्या आहेत, प्रेषितांच्या आहेत. आणि त्यातल्या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या की मला वाटतं आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या समुदायात, नेमकं काय बिघडतं ते बऱ्यापैकी कळतं.

पहिली शौलाची, इस्राएलच्या पहिल्या राजाची. पहिला शमुवेल, अध्याय १५. अमालेकी लोकांवरची लढाई संपलीय, शौलाला जी आज्ञा होती ती त्याने अर्धीच पाळली, अगाग राजाला जिवंत ठेवलं आणि चांगली चांगली मेंढरं-गुरं राखून ठेवली. (ती आज्ञा वाचायलाच जड जाते, लेकराबाळांसकट मारायची आज्ञा, मी तिथे दरवेळी अडखळतो, पण तो विषय वेगळा आहे, आत्ता मी फक्त शौल कसा वागला ते बघतोय.) शमुवेल संदेष्टा त्याला शोधत निघतो तर कळतं की हा कर्मेलला गेला होता आणि तिथे त्याने स्वतःचं स्मारक उभारलंय. भेट झाल्यावर शौल आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं ओरडतायत ती कसली? तर म्हणतो लोकांनी आणली. मग म्हणतो, यज्ञासाठीच तर आणली. सगळे रस्ते बंद झाल्यावर तो कबूल करतो की मी पाप केलं, लोकांना घाबरलो. आणि दुसऱ्यांदा तेच म्हणताना लगेच पुढे जोडतो, पण आता माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख आणि माझ्याबरोबर परत चल.

हे वाक्य मी चर्चच्या जगात किती वेगवेगळ्या रूपांत ऐकलंय! लेटरहेडवर टाइप केलेलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं, पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, वाचलेलं. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर", "कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर", "सैतानाने मंडळीत फूट पाडायचा प्रयत्न केला". त्यात काय केलं ते नसतं, कोणाचं केलं तेही नसतं. असते फक्त एक विनंती, की येत्या रविवारी मला नेहमीच्या खुर्चीत बसू द्या.

दुसरी कथा दाविदाची, शौलानंतरच्या राजाची. त्याचा गुन्हा तर शौलाच्या कितीतरी पट वाईट. बथशेबेला बोलावून घेतलं, ती गरोदर राहिली, मग तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत सगळ्यात धोक्याच्या जागी उभं करून मारवलं, आणि ज्या पत्रात हा हुकूम होता ते उरीयाच्याच हातून पाठवलं. त्यानंतर राजवाड्यात कोणी काही बोललं नाही. सेनापती यवाबाला सगळं माहीत होतं, नोकरांना माहीत होतं, ज्यांना बथशेबेला आणायला पाठवलं त्यांना तर होतंच होतं. बरेच महिने गेले, मूल जन्मलं, राजाचा कारभार चालू, उपासनाही चालूच असणार. स्वतःहून दाविदाला काही वाटल्याचं एक अक्षर त्या अध्यायात नाही. मला हा भाग नेहमी महत्त्वाचा वाटतो. ज्याने इतकी स्तोत्रं रचली त्यालासुद्धा स्वतःचं पाप स्वतःहून दिसलं नाही, नाथान संदेष्टा यावा लागला.

नाथानाने त्या गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढरीची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, असल्या माणसाला मरणदंड द्यायला हवा म्हणाला, आणि मग ते उत्तर आलं, तो मनुष्य तूच आहेस. यावर दावीद जे बोलला ते मूळ मजकुरात अगदी मोजकं आहे, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. पुढे "पण" नाही, "असेल तर" नाही. मान राख हे तर नाहीच.

आता काही जण लगेच म्हणतील, आणि म्हणतातच, की बघा, दाविदाने देवाकडे कबुली दिली, विषय संपला, माझा आणि देवाचा हिशेब आहे, मध्ये तुम्ही कोण? यासाठी ५१ व्या स्तोत्रातली ओळसुद्धा वापरतात, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. पण त्या स्तोत्राचं शीर्षक कोणी वाचत नाही. मराठी बायबलमध्ये ते वरती बारीक अक्षरात छापलेलं असतं म्हणून आपण थेट पहिल्या ओवीवर उडी मारतो. त्या शीर्षकात दोन गोष्टी आहेत. एक, हे स्तोत्र मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे ते राजाच्या डायरीत राहिलेलं नाही, ते लोकांनी उपासनेत गायचं आहे. दुसरी, हे कधीचं, तर दावीद बथशेबेकडे गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचं. नावासकट! राजाचं पाप राष्ट्राच्या गीतसंग्रहात नावासकट छापलं गेलं आणि पिढ्यानपिढ्या गायलं गेलं. आणि उरीयाबद्दल म्हणाल तर त्याची माफी मागायला तो जिवंतच नव्हता. आपल्याकडे ज्यांचं नुकसान झालेलं असतं ते बहुतेक वेळा पुढच्याच बाकावर बसलेले असतात. बथशेबा मात्र जिवंत होती, आणि दावीद तिला काही बोलल्याचं कुठे लिहिलेलं नाही, हे मला आजही टोचतं.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा लक्षात आली. नाथानाचं पुढे काय झालं? राजाला तोंडावर खुनी म्हणणाऱ्याची बदली व्हायला हवी होती. तो दूर कुठल्या तरी खेड्यात जायला हवा होता, निदान त्याला मीटिंगची नोटीस तरी जायला नको होती. पण पहिला राजे उघडा, पहिला अध्याय. दावीद म्हातारा झालाय, अंथरुणावर आहे, पांघरुणं घातली तरी ऊब येत नाही, गादीवरून घरात भांडणं सुरू झालीत, आणि तेव्हाही नाथान त्याच्या खोलीत येतोय, राजाला काय ते सांगतोय आणि राजा ऐकतोय. इतकंच काय, बथशेबेपासून दाविदाला यरुशलेमेत झालेल्या मुलांची नावं पहिल्या इतिहासात दिलीत त्यात एकाचं नाव नाथान आहे. ते संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं बायबल म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही, पण त्या घरात ते नाव नकोसं झालेलं नव्हतं एवढं तरी दिसतं. मला विचाराल तर पुढाऱ्याच्या नम्रतेची याहून चांगली खूण नाही. तो किती खाली वाकून सलाम करतो, साध्या चपला घालतो का, स्वतःला "प्रभूचा हलका सेवक" म्हणवतो का, याने मला काहीच कळत नाही. त्याला ज्याने तोंडावर चूक सांगितली तो माणूस दोन वर्षांनी कुठे आहे ते सांगा, मग मी सांगतो.

आमच्या मंडळ्यांमध्ये नाथानाचं तोंड बंद करायला एक वचन अगदी ठरलेलं आहे. माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे मी निवडलेल्यांना, हात लावू नका. पाळकांना हिशेब विचारा, हे वचन येतं. बिशपांनी अमुक जागा कशी भाड्याने दिली विचारा, हे वचन येतं. ऐकणारा बिचारा घाबरतो, देवाचा कोप नको म्हणून गप्प बसतो. १०५ वं स्तोत्र मी एकदा निवांत, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि थक्क झालो. ते वचन कोणाबद्दल आहे? अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या कुटुंबाबद्दल. ते संख्येने थोडे होते, परके होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते, आणि देवाने त्यांच्याकरता राजांना धमकावलं की यांना हात लावू नका. म्हणजे हे वचन दुबळ्यांना सत्तेपासून वाचवायला आहे, आणि आपण ते सत्तेला दुबळ्यांपासून वाचवायला वापरतोय. हे कोणीतरी पुलपिटवरून स्पष्ट सांगायला पाहिजे. दाविदाने शौलाला मारलं नाही हेही उदाहरण देतात, पण तोच दावीद गुहेतून बाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सगळ्या सैन्यादेखत त्याला मोठ्याने विचारतो की तू माझ्यावर अन्याय का करतोस. हात उगारला नाही, पण तोंडही बंद ठेवलं नाही त्याने.

हे सगळं जमतं का कोणाला? जमतं. मी पाहिलंय.

नगर जिल्ह्यातली एक छोटी मंडळी, गाव सांगत नाही. मी तेव्हा कमिटीत सगळ्यात तरुण होतो. आमच्याकडे हंगामाच्या सणाला उपासनेनंतर लिलाव होतो, कोणी बाजरीची कणसं आणतं, कोणी भोपळे, गावरान कोंबड्या, अंडी, लोणच्याच्या बरण्या, आणि चर्चच्या आवारात बोली लागते. एका डझन अंड्यांची बोली कुठल्या कुठे जाते, कारण पैसे देवाच्या कामाला जाणार असतात. बरेच जण बोली लावून म्हणतात, लिहून ठेवा, पुढच्या रविवारी देतो. त्या वर्षी हिशेब लागेना, रक्कम कमी भरत होती. पैसे सांभाळणाऱ्या महिला मंडळाच्या खजिनदार होत्या, वयस्कर, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. पाळकसाहेब रविवारी पुलपिटवरून, नाव न घेता, देवाच्या पैशाला हात लावणाऱ्यांबद्दल असं काही बोलले की सगळ्या चर्चने मान वळवून मावशींकडे पाहिलं. मावशी उपासना संपेपर्यंत बसून राहिल्या आणि मग पुढे आल्या नाहीत, मागच्या दाराने गेल्या.

नंतर उधारीची यादी सापडली. पाळकसाहेबांच्याच फाइलमध्ये. मावशींनी ती लिलावाच्या दिवशीच त्यांच्या हातात दिली होती आणि त्यांनी न बघता ठेवून दिली होती.

यावर सोपा उपाय होता, मावशींच्या घरी जाऊन चहा पिऊन "जाऊ द्या, गैरसमज झाला" म्हणायचं. कमिटीतल्या जुन्या लोकांनी तेच सुचवलं. पाळकसाहेब मावशींच्या घरी गेलेच, पण पुढच्या रविवारी, प्रभूभोजनाचा रविवार होता तो, ते पुलपिटवरून खाली उतरले, मावशी तिसऱ्या बाकावर होत्या, त्यांच्या समोर उभं राहून म्हणाले, "कागद माझ्याकडे होता. मी बघितला नाही. मावशींनी एक पैसा घेतलेला नाही, आणि मी ह्या जागेवरून त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला." एवढंच. रडले वगैरे नाहीत. त्या दिवशी भाकर आणि द्राक्षरस त्यांनी वाटला नाही, मंडळीतल्या एका रिटायर्ड पाळकांना विनंती केली होती, आणि स्वतः आपल्या बायकोशेजारी बाकावर जाऊन बसले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे ना, अर्पण वेदीपाशी तसंच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, ते त्यांनी शब्दशः केलं.

त्या आठवड्याची कमिटीची मीटिंग तर मी विसरूच शकत नाही. सेक्रेटरींनी लाल कापडाच्या बांधणीच्या मिनिट बुकात लिहिलं, लिलावाच्या रकमेबाबत गैरसमज झाला होता तो दूर झाला. पाळकसाहेबांनी वाचलं आणि म्हणाले हे खोडा. सेक्रेटरी म्हणाले साहेब, हे रेकॉर्ड कायमचं राहतं, उद्या डायसिसचे, बिशपांच्या कार्यालयातले लोक बघतील. ते म्हणाले, म्हणूनच. मग लिहिलं गेलं, पाळकांनी खजिनदारांवर खोटा आळ घेतला, तो त्यांनी उपासनेत मागे घेतला. खाली त्यांनी स्वतः सही केली. मावशींचं पूर्ण नाव घातलं गेलं, कारण आळाच्या वेळी घेतलं नव्हतं तरी सगळ्यांना कळलं होतं.

मावशींनी पुन्हा खजिनदारी घेतली नाही. संध्याकाळच्या प्रार्थनांना त्या खूप काळ आल्या नाहीत. आणि पाळकसाहेबांनी कधी कोणामार्फत विचारलं नाही की अजून राग आहे का, माफ केलं का, ख्रिस्ती माणसाने क्षमा करायला हवी ना. हे न विचारणं हाच मला त्यांच्या पश्चात्तापाचा सगळ्यात खरा भाग वाटतो. माफी मागून झाली की आपले बहुतेक पुढारी समोरच्याला क्षमेची घाई करतात, आणि त्याने वेळ लावला की उलट तोच कठोर मनाचा ठरतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत असं मोठं मन नवीन नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, नाव सातासमुद्रापार गेलेलं. आणि अशा बाईंनी नंतर आपल्या साक्षीत उघड लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. विचार करा, त्यांच्यावर एकीकडून सनातनी तुटून पडत होते, दुसरीकडून मिशनवाल्यांना त्या पुरेशा "आज्ञाधारक" वाटत नव्हत्या, आणि अशा वेळी हे कबूल करायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातात कोलीत देण्यासारखं. पण त्यांनी ते लिहिलं, आणि तेही त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव जगभर झालेलं असताना, १९०७ मध्ये. १९०५ मध्ये केडगावला जे मोठं आत्मिक जागरण झालं, मुली तासन् तास प्रार्थना करत होत्या, चोऱ्या, खोटं बोलणं, द्वेष सगळं उघड कबूल करत होत्या, त्याबद्दल आपण अभिमानाने सांगतो. मला वाटतं ज्या घराची प्रमुख स्वतःबद्दल इतकं खरं बोलू शकते त्या घरात पोरींनाही खरं बोलायची भीती वाटत नसणार.

रेव्हरंड टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळक म्हणजे आमच्यासाठी केवढी मोठी व्यक्ती, दर रविवारी त्यांची गीतं गातो आम्ही. पण त्यांना आपण ओळखतो ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून, आणि तिथे लक्ष्मीबाईंनी त्यांचा राग, तिरसटपणा, न सांगता घर सोडून जाणं, काहीएक लपवलेलं नाही. त्याने टिळक लहान झाले का? माझ्या मते तरी नाही, उलट १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढणारा तो माणूस त्यामुळेच खरा वाटतो. साक्ष बिघडेल, बाहेरचे लोक हसतील, असं म्हणून जे झाकलं जातं ना, त्याला हे मी नेहमी उत्तर म्हणून देतो.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं मनात घर करून आहेत. एक पोप फ्रान्सिस यांचं. २०१५ मध्ये त्यांनी चिलीतल्या ओसोर्नोला हुआन बार्रोस नावाचे बिशप नेमले, तिथल्या लोकांचा कडाडून विरोध होता, कारण एका धर्मगुरूने केलेल्या लैंगिक अत्याचारांवर यांनी पांघरूण घातलं असा पीडितांचा आरोप होता. २०१८ च्या जानेवारीत पोप चिलीला गेले तेव्हा पत्रकाराने विचारलं तर ते वैतागून म्हणाले, पुरावा आणा मग बोलतो, ही सगळी बदनामी आहे. दोन दिवसांत त्यांच्याच जवळचे, बॉस्टनचे कार्डिनल शॉन ओमॅली यांनी जाहीर सांगितलं की या शब्दांनी पीडितांना फार वेदना झाल्यात. हा नाथान! कार्डिनलने पोपला जाहीरपणे असं म्हणणं ही साधी गोष्ट नाही. परतीच्या विमानातच पोपनी "पुरावा" या शब्दाबद्दल माफी मागितली, पण बार्रोस यांची बाजू तेव्हाही सोडली नव्हती. मग चौकशीला आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना यांना पाठवलं, त्यांनी ६४ जणांचे जबाब घेतले, २३०० पानांचा अहवाल झाला. एप्रिलमध्ये पोपनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहिलं की परिस्थिती समजून घेण्यात माझ्याकडून गंभीर चुका झाल्या. आणि ज्या तिघा पीडितांच्या म्हणण्याला बदनामी म्हटलं होतं त्यांना स्वतःच्या निवासस्थानी बोलावून घेतलं, एकेकाचं तासन् तास ऐकलं. मे महिन्यात चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे देऊ केले, जूनमध्ये बार्रोस यांचा स्वीकारला गेला. याने सगळं ठीक झालं असं नाही, पीडितांच्या तक्रारी पुढेही राहिल्या आणि त्या खऱ्या होत्या. पण जगातल्या सर्वात मोठ्या ख्रिस्ती पदावर बसलेला माणूस "तुम्ही खरे होता, मी चुकलो" म्हणू शकतो हे मी माझ्या आयुष्यात पाहिलं.

दुसरं उदाहरण आमच्या जास्त जवळचं, कारण आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या चर्चच्या, परिवारात मोडते. चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीनामा जाहीर केला. जॉन स्माइथ नावाच्या माणसाने शंभरहून जास्त मुलांवर आणि तरुणांवर केलेले अत्याचार, ते २०१३ मध्ये कानावर येऊनही पाठपुरावा नीट झाला नाही असा अहवाल आला होता. राजीनाम्यात जबाबदारी घेतली होती. पण डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी या सगळ्यावर विनोद केले, लोक हसले, आणि ज्यांनी सोसलं होतं त्यांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा माफी. मला त्यांच्याबद्दल कडवट लिहायचं नाही. पण खुर्ची सोडली म्हणजे पश्चात्ताप झाला असं नसतं, हे यातून मला फार स्पष्ट दिसलं. नजर ज्यांना दुखवलं त्यांच्यावर आहे की स्वतःच्या निरोपावर, हा प्रश्न राजीनाम्यानंतरही उरतोच.

म्हणून आज्ञा गुरुवारच्या, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, पाय धुण्याबद्दल मला थोडी काळजी वाटते. सुंदर विधी आहे, योहानाच्या तेराव्या अध्यायातला. पण आपल्याकडे बारा जण आधी निवडलेले, घरून साबणाने पाय धुऊन आलेले, पाळक नवा टॉवेल घेऊन वाकतात, फोटो निघतात, रात्री ते ग्रुपवर येतात. येशूने ज्यांचे पाय धुतले त्यात त्याला त्याच रात्री नाकारणारा होता आणि धरून देणाराही होता. ज्याच्याशी आपलं वर्षभर बोलणं नाही त्याला त्या बारांत बसवायची हिंमत एखाद्या पाळकाने केली तर मी त्या उपासनेला कितीही लांबून येईन.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तेच. कोंबडा आरवायच्या आधी तीनदा नाकारलं ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. त्या अंगणात बाकीचे बहुतेक शिष्य नव्हतेच, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना पेत्रानेच सांगितली असणार असं मला वाटतं, आणि तीही तो मंडळीचा पुढारी झाल्यावर. पुढे अंत्युखियात तो परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा तो यहुदी मंडळी आल्यावर बाजूला झाला, तर प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात आहे ते. आणि पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख येतो तो "आपला प्रिय बंधू" असा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो कारण तिच्यात गल्लत होऊ नये. मी इथे माफीबद्दल बोलतोय म्हणजे सगळंच चर्चच्या आत मिटवा असं नाही. लेकरांवर अत्याचार झाला असेल तर ते पोलिसांकडे जायलाच हवं, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. तिथे पाळकांनी रडून कबुली दिली, कमिटीने प्रार्थना केली, विषय बंद, असं चालणार नाही. क्षमा वेगळी आणि पद परत मिळणं वेगळं. दाविदाला क्षमा मिळाली तरी त्याच्या घरातली तलवार थांबली नाही, असं तोच अध्याय सांगतो. येशूने पेत्राला "माझी मेंढरं चार" म्हणून परत काम दिलं, पण इतर शिष्यांसमोर, तीन वेळा विचारून, पेत्राला दुःख होईपर्यंत.

आणि मत्तयाच्या वंशावळीत बथशेबेचं नाव नाही, उरीयाचं आहे. जी उरीयाची बायको होती तिच्यापासून दाविदाला शलमोन झाला. येशूच्या जन्माची गोष्ट सुरू होण्याआधीच ज्याला मारलं त्याचं नाव येतं. तिचं नाव का नाही याचा मला राग येतो, पण उरीयाला पुसलं नाही हेही मी धरून ठेवतो.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या येत्या मीटिंगला मी दोन ठराव मांडणार आहे. तक्रारी घ्यायला मंडळीबाहेरची दोन माणसं नेमावीत, त्यातली एक बाई असावी, आणि पाळकांना किंवा कमिटीतल्या कोणालाही त्या तक्रारी आधी बघायला मिळू नयेत. दुसरा, ज्याची चूक उपासनेत झाली त्याने ती उपासनेतच मागे घ्यावी, आणि ती ज्याच्याबद्दल होती त्याचं नाव त्याला विचारून मिनिट बुकात यावं. साक्ष बिघडेल असं कोणीतरी म्हणणारच आहे. ५१ व्या स्तोत्राचं शीर्षक मी मोठ्या अक्षरात छापून घेऊन जाणार आहे, आणि चर्चा सुरू व्हायच्या आधी ते उभं राहून वाचायची परवानगी मागणार आहे.